उलटा ई

चंद्रप्पा : पैसे नकोत, पुनम. डिक्शनरी बदलून दे. माल खराब निघाला.

पुनम : अप्पा, कालच तर दुकानातून नेली. कुठं फाटली?

चंद्रप्पा : फाटली न्हाई, छपाई बघ. 'अबाउट' काढ. कंसात काय हाय? बारका ई, डोकं खाली, पाय वर! सकाळधरनं तपासायलोय, पानापानाला उलटा.

पुनम : अगं बाई! अप्पा, तो मुद्दाम उलटा छापतात.

चंद्रप्पा : चाळीस वर्षं उदगीरला आडत केली म्या. किडकी तूर आणणारा बी 'मुद्दाम' म्हणायचा.

पुनम : उच्चाराची खूण आहे ती. हलका अ. आपल्या 'कमळ'मधल्या 'क'च्या पोटात असतो ना, तसा.

चंद्रप्पा : मग सरळ अ लिहायला काय धाड भरली?

पुनम : त्यांच्याकडं अ नाही.

चंद्रप्पा : अरारा! अन् ही उभी रेघ? घाण समजून नखानं खरवडली म्या.

पुनम : तिच्या पुढच्या अक्षरावर जोर द्यायचा. पण या वयात हे कशाला, अप्पा?

चंद्रप्पा : नातवापायी. शिवांश. पुण्याला असतो. फोनवर म्या 'वेडनसडे' म्हणलो की खो खो हसतो, आईला बोलावून हसतो. त्यो केळ्याला 'केला' म्हणतो, म्या हसलो का कधी? महिना झाला, फोन आला की आमच्या हिच्या, शरणम्माच्या हातात देतो. त्याच्याशी बोलायला लई जीव तुटतो गं, पण लाज वाटते.

पुनम : 'वेन्झडे' म्हणा. त्यातला डी गप्प असतो.

चंद्रप्पा : गप्पच बसायचं तर आला कशाला मधी?

पुनम : ते सोडा. लावा फोन, इथंच. मी आहे. स्पीकरवर ठेवा.

(फोन लागतो.)

शिवांश : अप्पा! तुम्ही माझ्याशी बोलतच नाही आता!

चंद्रप्पा : बोलतो की, राजा. तुझ्या बर्थडेला येतो. वेन्... वेन्झडेला.

शिवांश : असं नाही! वेडनसडे म्हणा ना!

चंद्रप्पा : आँ? ते चूक हाय म्हणं.

शिवांश : असू दे. मी पण तसंच म्हणतो. शाळेत माझे सगळे फ्रेंड्स तसंच म्हणतात आता. टीचर ओरडते!

चंद्रप्पा : ...वेडनसडे.

शिवांश : येस्स! नक्की या, अप्पा!

चंद्रप्पा : येतो, येतो. ठेव आता.

पुनम : अप्पा, डोळे पुसा. मग, डिक्शनरी बदलायची का?

चंद्रप्पा : नको. पेन दे. एक शब्द दुरुस्त करायचा हाय.