बास्केट झाल्यावर बघायचं कुणाकडं?

मंडळी, हा प्रश्न माझा नाही हं! दहावी 'ब'मधल्या माझ्या मैत्रिणींचा आहे. काल डबा खाताना म्हणाल्या, "देवाधर्माचं सगळेच विचारतात. हिंमत असेल तर कीर्तनाच्या गादीवर उभी राहून हे विचार — आपली शलाका होनमाने मोठी, की नागपूरची निशिगंधा उईके?" पैज लागली! त्या बघा, खांबाला टेकून बसल्यात, ओढणीत तोंड लपवून हसतायत. हसा! विचारला की नाही?

आजोबा, तुम्ही कपाळाला आठ्या घालू नका. अहो, नारदमुनींना तरी दुसरं काय पडलं होतं? 'देवा, सगळ्यांत मोठा भक्त कोण?' त्रिभुवन फिरणाऱ्याला हा किडा चावतो, मग मिरजेला चावणार नाही? आमच्या घरालाही चावलाय! माझी मुलगी मोठी की कवठ्याची कीर्तनकार वैदेही मोठी — हा आमच्या आईचा प्रश्न. म्हणून बाबांनी येत्या रविवारी मुद्दाम वैदेहीच्याच वेळेला माझं कीर्तन ठेवलंय. गर्दी कुणाकडं जास्त होते ते बघायला! पहिल्या रांगेत आहेत दोघं. आई, मोबाइल खाली धर, मागच्यांना दिसत नाही.

तर प्रश्न असा — मोठेपण मोजायचं कशानं? ऐका!

आपली शलाका. वय सोळा. वडिलांची पिठाची गिरणी. आणि बास्केटबॉल? काय सांगू, मंडळी! बॉल तिच्या हाताला लागला की वाटायचं, याला आपलं घर सापडलं! अडवायला आलेल्या पोरी उडी मारून खाली यायच्या — आणि ही अजून वरच! पाय जमिनीला लागायच्या आत जाळी हललेली असायची! सांगताना आत्ता माझ्या अंगावर काटा आलाय, बघा.

आणि गिरणीवर? दळण राहिलं बाजूला!

"असली पोरगी उभ्या महाराष्ट्रात नाही," शलाकाचे बाबा गिरणीचा पट्टा चढवता चढवता म्हणायचे.

"असं कसं, होनमाने?" निवृत्त पोस्टमास्तर दांडेकर सरसावायचे. "दुबळ्या संघांपुढं ढीगभर बास्केट मारल्या तिनं. निशिगंधा बघा, तगड्या संघांपुढं मारती!"

"अहो, ती वर्षानं मोठी आहे! वय धरा की!"

"आणि पुण्याची ती ताडासारखी उंच? तिला कुठं बसवताय?" हे कोण? सुनंदाकाकू! काखेत ज्वारीचा डबा तसाच!

ज्वारी दळून झाली, ती बाजरीच्या डब्यात गेली, दोन घरांत भाकरीची चव बदलली — वाद काही मिटेना!

आता राज्य स्पर्धा आली. तिच्यानंतर महाराष्ट्राच्या संघाची कर्णधार निवडणार होते. आणि शलाकाच्या बाबांनी काय करावं? फ्लेक्स छापून आणला! 'महाराष्ट्राची कर्णधार शलाका हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली मामा, आत्या, शेजारी, सगळ्यांचे हसरे फोटो. अहो, स्पर्धा व्हायची होती अजून! गुंडाळून गिरणीमागं उभा केला. शलाकानं तो पाहिला. आता कर्णधार झालंच पाहिजे!

स्पर्धा सोलापुरात. निशिगंधाची उपांत्य मॅच बघायला शलाका गॅलरीत बसली. शेजारी नाझनीन बागवान — लहानपणापासूनची जोडीदारीण, शलाकाला पास देणारी. शलाका आली होती मापं काढायला. पण समोर बघते तर काय! निशिगंधा पळत नव्हती, वाहत होती! चार जणींच्या मधून पाण्यासारखी निघायची! शलाकाच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

आणि एक गंमत. दर बास्केटनंतर निशिगंधा वळायची आणि कुणाकडं तरी बोट दाखवायची.

"नाझे, ती बोट कुणाला दाखवती गं?"

"जिनं बॉल दिला तिला. खेळात रीतच आहे ती. सगळे करतात."

"आपल्यात कुठं करतात?"

"करतात की."

"मला कशी कधी दिसली नाही?"

नाझनीन शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "बास्केट झाली की तू गॅलरीकडं बघतीस, शलाके."

मंडळी... टोमणा नव्हता तो. भांडणही नव्हतं. म्हणून तर लागला! इतकी वर्षं बॉल कुणाच्या हातातून येत होता, आणि ही बघत कुठं होती?

अंतिम सामना! मिरज आणि नागपूर! गॅलरीत बाबा, दांडेकर, सुनंदाकाकू, सगळी गिरणी हजर! शेवटची काही सेकंदं. मिरज एका गुणानं मागं. बॉल शलाकाकडं. बाबा ओरडतायत — "मार, बाळा! मार!" ही बास्केट तिची, तर वाद मिटला! कर्णधारपद तिचं! फ्लेक्स खरा!

शलाका उडाली. समोर निशिगंधाही उडाली, शेजारून आणखी एक! आणि त्या हवेत, दोघींच्या हातांच्या फटीतून तिला दिसली — नाझनीन. रिंगखाली. एकटी.

हात वर होता, तो खाली आला. बॉल सुटला — नाझनीनकडं!

जाळी हलली! शिट्टी! मिरज जिंकली!

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. पण शलाकानं या वेळी गॅलरीकडं पाहिलंच नाही. तिनं नाझनीनकडं पाहिलं. आणि नाझनीन — नाचत नव्हती, ओरडत नव्हती. सगळ्या गर्दीतून तिनं हात लांब केला होता, आणि तिचं बोट शलाकाकडं होतं! आयुष्यात पहिल्यांदा शलाका त्या बोटाच्या या टोकाला उभी होती. घळघळा रडली हो पोरगी! आणि समोर हरलेली निशिगंधा टाळ्या वाजवत उभी!

कर्णधार कोण झाली? निशिगंधा. गिरणीवर पुन्हा तेच — "शेवटचा बॉल स्वतः मारला असता तर!" शलाकानं काय केलं? फ्लेक्स उलगडला, फोटो वर आभाळाकडं केले, कोरी बाजू खाली, आणि गिरणीपुढं बांधला. "बाबा, माणसं उन्हात उभी राहून भांडतात. सावली तरी होईल!"

हसलात? आता घरी जाऊन काय करणार? शेजारच्या पोराचे मार्क विचारणार ना? देवानं बॉल दिला तुम्हाला — हात, गळा, बुद्धी — आणि बास्केट झाली की बघता कुणाकडं? गॅलरीकडं!

मघाच्या टाळ्या मी घेतल्या, पण हे माझं बोट बघा. पेटीवर सामंतकाका! तबल्यावर ओंकारदादा! हे नसते तर मी नुसती ओरडत उभी असते.

आणि आई, बाबा. रविवारचं माझं कीर्तन मी पुढं ढकललंय, तिथल्या विश्वस्तांना सकाळीच विचारून आले. रविवारी मी कवठ्याला जाणार. वैदेहीचं ऐकायला नाही — तिच्या मागं झांज धरून उभी राहायला. आत्ता तुम्ही दोघं वाकून नमस्कार करायला याल, मला नाही, या नारदाच्या गादीला. तेव्हा रागवायचं असेल तर घरी गेल्यावर! इथं फक्त बुक्का लावा.