ट्रेसिंग चालू आहे

— अरे, नाही म्हणतेय का मी? येतेच आहे. तू बस ना जरा, असा डोक्यावर उभा राहिलास की काही सुचत नाही मला. हॉस्पिटलमध्ये आई सारखी माझ्याबद्दल विचारतेय, कळलं ते, आल्यापासून तेच घोकतोयस. पण हे असं टाकून उठू कशी? इकडे बघ, बाळ्या — हा आमचा नवा फोन, यात बोलता बोलता आवाज तुटतो. का तुटतो? आवाजाचं काम तयार असतं, अगदी कंबर कसून उभं असतं, पण कर्नल त्याला प्रोसेसर देत नाही — कर्नल म्हणजे आतला मुकादम रे, कोणाला कधी कामाला लावायचं ते ठरवणारा. तो कुठे अडतो ते पकडायला हे ट्रेसिंग लावलंय, त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते. आणि गंमत बघ, ट्रेसिंग लावलं की तुटतच नाही मेला! नोंदी ठेवण्यातच थोडा वेळ जातो ना, तेवढ्यानं सगळ्यांचं वेळापत्रक इकडचं तिकडे होतं. म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं. साहेब म्हणाले, सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही —

काय? बाकीचे? जेवायला गेलेत. ... नाही, घरी गेले. सापडलं रे ते, सकाळीच सापडलं! एका फडतूस कामानं कुलूप धरून ठेवलं होतं, ते सुटल्याशिवाय दुसऱ्या कामाला आत जाता येत नाही, आणि मुकादमानं नेमकं त्यालाच बाजूला बसवलं होतं — मग आवाजवालं बसलं बाहेर ताटकळत. केलं दुरुस्त. साहेब खूश, म्हणाले, जा आता आईकडे. मग मी काय बघतेय? काही नाही. रेषा सरकतात, त्या बघतेय.

असा बघू नकोस माझ्याकडे. भीती वाटते मला, झालं समाधान? परवा मी खोलीत गेले, तिचा हात धरला, तर म्हणते, ‘नर्सबाई, माझी मुलगी आली का हो?’ मी म्हटलं, येतेय. तुला बोलले नाही, काय बोलणार? आणि आता तू मला न्यायला आलायस. अरे, मी समोर बसले तरी ती दाराकडेच बघणार, मलाच विचारणार, कधी येणार म्हणून. किती वेळा सांगू, येतेय येतेय? नाही जमत मला.

जा तू. तिच्याजवळ कोणीतरी हवं. आणि विचारलं तर सांग — निघालीये म्हणावं.