रूपराव सरांच्या कूपेचं इंजिन

ज्या माणसाने आपल्याला घडवलं, त्याची इच्छा आणि त्याची शिकवण एकमेकींच्या आड आल्या, तर आपण कोणाचं ऐकायचं? इच्छेचं की शिकवणीचं? हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवते आहे, पण त्याचं उत्तर मला माहीत नाही हेही सांगून टाकते. हारतुरे आणि टाळ्या सुरू झाल्या की असे प्रश्न मागे पडतात, म्हणून तो आधी मांडला. आता रीतीप्रमाणे सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तंत्रनिकेतनाचे आदरणीय प्राचार्य महोदय; एवढ्या उन्हात नागपूरहून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, सरांचे वर्गमित्र अण्णाजी; ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, ऑटोमोबाईल विभागप्रमुख रूपराव वैरागडे सर; त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या मोहिनी मॅडम; सर्व प्राध्यापक, कर्मचारी, आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी आलेले माझे माजी विद्यार्थी मित्र. आपणा सर्वांना जय सेवा आणि नमस्कार. मी रक्षा उईके. याच विभागातून पदविका घेतली, पुढे नागपूरला पदवी केली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सध्या याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते आणि गाड्यांची इंजिनं ट्यून करते.

सरांविषयी बोलायला उठलेला प्रत्येक वक्ता त्यांच्या शिस्तीबद्दल बोलला. मी त्यांच्या कूलरबद्दल बोलणार आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा तो मोठा लोखंडी कूलर आहे ना, चाकांचा? इतर विभागांत कूलरचं तोंड विभागप्रमुखांच्या टेबलाकडे असतं. आपल्याकडे सरांचा नियम वेगळा: जो जास्त तापला, कूलर त्याच्याकडे. भट्टीजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे, वेल्डिंग करणाऱ्याकडे, तोंडी परीक्षेत अडकलेल्याकडे. सर स्वतः उठून तो ढकलत न्यायचे. "घे बाप्पा, थंडा हो," म्हणायचे, आणि मग पुढचा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड विचारायचे! (सर हसताहेत, म्हणजे मी खोटं सांगत नाही.)

आता मुख्य विषयाकडे येते. माजी विद्यार्थी संघाने सरांना निरोपाची भेट म्हणून काय द्यायचं ठरवलं, ते जाहीर करण्याचं काम माझ्याकडे आहे. शाल आणि श्रीफळ प्राचार्य महोदय देतील. आमची भेट आहे इंजिन.

सरांकडे एक कूपे आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या छताची स्पोर्ट्स गाडी. हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्यांनी हौसेने घेतली होती. पुढे तिचं इंजिन जाम झालं आणि ती वर्षानुवर्षं सरकीच्या शेडमागे उभी राहिली. सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली. सरांनी ती तशीच विकत घेतली. त्या दिवशी माझी आई धुरपता मला डबा द्यायला वर्कशॉपमध्ये आली होती. गाडीभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "मांगचे लोक कुठून उतरतेत वं?"

सरांनी फार गंभीरपणे उत्तर दिलं, "मांगं कोणी बसणारच नाई, धुरपताबाई. आमच्या जीपमध्ये आजवर पाहुणे बसले, पोरं बसली, गिअरबॉक्स बसले. मॅडमले समोर जागा भेटली तर मांडीवर बॅटरी राह्यची. आता ह्या गाडीत दोघंच. रिटायर झालो का रोहण्याले, आपल्या गावी जाऊन येऊ."

मित्रहो, एवढ्या साध्या इच्छेसाठी एक चांगलं इंजिन शोधायचं होतं. दोन पर्याय समोर आले. एक सोळाशे सीसीचं, त्याच कंपनीच्या चार दारांच्या गाडीतून निघालेलं. हलकं, जागेवर बरोबर बसणारं, गाडीच्या कागदांवर लिहिलेल्या क्षमतेचंच. दुसरं दोन लिटरचं टर्बो, परदेशातून आलेलं जुनं. ते आपल्या बॅचच्या कुंदनने शोधून आणलं. कुंदनचं अल्लीपूरला गॅरेज आहे, आणि त्याला लहान इंजिनं बघवत नाहीत. टर्बो म्हणजे काय, हे मॅडमना मी असं सांगितलं होतं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात आणखी हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. आणि उष्णताही जास्त.

मी लहान इंजिन सुचवलं. ग्रुपवर मतदान झालं आणि माझं एक मत सोडून सारी मतं टर्बोला पडली. कुंदनने लिहिलं, "रक्षाले लेडीज स्पेशल पाह्यजे." मी लिहिलं, "लेडीज स्पेशल वेळेवर पोचते." त्यावर अंगठे खूप आले, मत एकही आलं नाही.

मी सरांकडे गेले. वाटलं, सर तरी माझ्या बाजूने असतील. पहिल्याच तासाला फळ्यावर 'कामापुरतं इंजिन' असं लिहिणारा माणूस तो! जनरेटर असो, पंप असो, गाडी असो, आधी काम काय ते विचारा, कुठे चालणार ते विचारा, मग इंजिन निवडा, हे त्यांनी आमच्याकडून किती वेळा घोकून घेतलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पोरी, चौतीस वर्षं पोरांले सांगितलं का कामापुरतं इंजिन घ्या. घरात तसाच राह्यलो, नोकरीत तसाच राह्यलो. आता एकदा तरी मले कामापेक्षा मोठं पाह्यजे."

मी टर्बो बसवायला घेतलं.

इंजिन बसलं. मग ट्यूनिंग. इंजिनच्या संगणकात एक मोठा तक्ता असतो. हवा इतकी, वेग इतका, तर पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे त्यातल्या प्रत्येक खान्यात भरावं लागतं. गाडी रोलरवर चढवून, चाकं जागच्या जागी फिरवत, मी एकेक खाना तपासत गेले. बाहेर वर्ध्याचा मे महिना. आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त कोण तापलेलं होतं? इंजिन. सरांनी काय केलं असेल, ते मी सांगायला हवं का?

कूलर आला. नळी लावून पाणी सुरू झालं. ताट्यांतून गारेगार, ओलसर वारा थेट गाडीच्या तोंडावर. गाडी अशी चालली की कुंदन नाचायचा बाकी होता. सर म्हणाले, "पाह्य, पाहुणीची बडदास्त ठेवली तर पाहुणी खूश राह्यते." आम्ही सगळे हसलो. कोणाच्याही डोक्यात वेगळा विचार आला नाही, माझ्याही नाही. विदर्भात उन्हाळ्यात कूलर लावणं ही विचार करायची गोष्ट थोडीच असते?

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आणि मॅडम गाडी घेऊन निघाले. मागे लॅपटॉप घेऊन मी, गुडघे हनुवटीला लावून. आर्वी रस्त्याने आंजीपर्यंत गाडी मजेत गेली. आंजी सोडल्यावर पुढे कडब्याने भरलेला एक लांबलचक ट्रक रखडत चालला होता. सरांनी ओव्हरटेक करायला बाजू काढली आणि पाय दाबला. इंजिनमधून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. याला आम्ही नॉकिंग म्हणतो. आत पेट्रोल नको त्या वेळी भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. संगणकाने इंजिन वाचवायला जोर काढून घेतला. आम्ही ट्रकच्या अर्ध्यावर, आणि समोरून एसटी.

सरांनी ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. हात त्यांचे कसलेले, म्हणून आज हा कार्यक्रम होतो आहे.

"काय वाजून राह्यलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाई," सर म्हणाले.

"काही नाई म्हणता मंग घामाघूम काऊन झाले?"

रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली गाडी थांबवली. मॅडम म्हणाल्या, "हे पाहा, मले रोहण्याले जायचं आहे. वर नाई."

मी लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशी रोलरवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान होतं बत्तीस. मे महिन्यातल्या वर्ध्यात बत्तीस! रस्त्यावर तेच साठच्या वर. म्हणजे मी ट्यून केलेली गाडी वर्ध्यात चालणारी नव्हतीच, ती कूलरसमोर चालणारी होती. गरम हवेचे खाने आम्ही तपासलेच नव्हते. तिथे इंजिनसोबत थंड देशातून आलेले आकडे तसेच बसले होते. मायेने केलेल्या गोष्टीने सगळा हिशेब फसवला होता. सर, हे व्यासपीठावरून सांगताना मला जड जातं आहे, पण मोजमाप लपवायचं नाही हे तुम्हीच शिकवलं आहे.

परत आल्यावर गाडी वर्कशॉपमध्ये माझ्याकडेच राहिली. मी ती दुपारच्या उन्हात मैदानात उभी केली आणि पुन्हा ट्यून करायला बसले. ठिणगी मागे घेतली, म्हणजे जरा उशिरा पडेल अशी केली, आणि टर्बोचा दाब उतरवला. खडे वाजणं थांबेपर्यंत उतरवत गेले. शेवटी जे उरलं, त्याचा जोर लहान इंजिनाएवढा आणि वजन मोठ्या इंजिनाचं. वर बॉनेटखाली सारी भट्टी. एसी लावला की काटा लाल रेषेकडे.

कुंदन चिडला. "तू इंजिन ट्यून करून राह्यली का त्याले उपास धरायले लावून राह्यली? दाब वाढव परत. सरांले सांगू, चांगलं महागाचं पेट्रोल टाका."

"रोहण्याला कुठे मिळतं ते?"

"मंग प्लास्टिकच्या डबकीत भरून नेतील."

"आणि एसटी समोर आली की डबकी दाखवतील का?"

तो म्हणाला, "सरांची हौस आहे, रक्षा. हौसेले मोजत नसतेत."

खरं सांगते, त्याचं हे वाक्य मला लागलं. चुकीचं म्हणून नाही, खरं म्हणून लागलं. आयुष्यभर सगळं मोजून वापरणाऱ्या माणसाने एकदाच न मोजता मागितलं, आणि मी त्याला मोजमाप दाखवायचं? मी कोण? आणि दुसरीकडे, त्या पुढच्या सीटवर मॅडम बसणार आहेत. पाय दाबल्यावर गाडी पुढे जाईल, या भरवशावर सर एखाद्या ट्रकची बाजू काढणार आहेत. तो भरवसा द्यायचं काम माझं. देता येत नसेल तर दिल्यासारखं दाखवणं, याला मी तरी भेट म्हणू शकत नाही.

समितीने मला सांगितलं होतं: समारंभात टर्बोच जाहीर कर, सरांचा आनंद होऊ दे, पुढचं पुढे पाहू. सूचना प्रेमाची होती. पण पुढचं म्हणजे काय? पुढचं म्हणजे रोहण्याचा रस्ता, मे महिना, आणि तेव्हा मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन मी नसेन.

माझा वेळ संपत आला, अध्यक्ष महोदय घड्याळाकडे नाही, पण माझ्याकडे बघताहेत. आभार मानते. प्राचार्यांनी वर्कशॉप सुटीत उघडं ठेवू दिलं, त्यांचे. वर्गणी देऊन माझ्याशी भांडणाऱ्या सर्व मित्रांचे. मॅडमचे, त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. आणि सर, तुमचे आभार मानायला गेले तर रडेन आणि तुम्ही कूलर मागवाल, म्हणून ते राहू दे. बोलण्यात कोणाचं नाव सुटलं असेल, मान राखायला कमी पडले असेन, लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तर सांभाळून घ्यावं.

मात्र एका गोष्टीसाठी माफी मागत नाही. 'बदल' हा मॅडमचा एक शब्द घेऊन गेल्या रविवारी मी ते टर्बो उतरवलं. साखळी कुंदननेच ओढली. तो अजूनही माझ्याशी सहमत नाही, पण साखळी त्याने सोडली नाही. ते इंजिन आता विभागात स्टँडवर बसवलं आहे, पुढच्या मुलांना शिकायला. सर, तुम्ही कधीही या आणि तिथे त्याला मन भरेपर्यंत पळवा. तुमच्या गाडीत सोळाशे सीसीचं आहे. भर दुपारी, उघड्यावर, एसी लावून ट्यून केलेलं. काल मॅडम आणि मी त्याच रस्त्याने रोहण्याला जाऊन आलो.

तुम्हाला विचारलं नाही, सर. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं. म्हणून आधी इंजिन बदललं, आणि आज सांगितलं.