पळणारा मीटर

तपासनीस : या जिन्यावर पाच घरं, पाचही पेन्शनरांची. सरकारनं थंडीसाठी वीजबिलात सवलत दिली, तेव्हापासून चार घरांचे मीटर जवळजवळ थांबलेत आणि पाचवा दुप्पट पळतोय.

(जिन्याखाली मीटरची पेटी उघडी. शेजारी शाल लपेटून निवृत्त परिचारिका उभी.)

परिचारिका : बिघडले असतील.

तपासनीस : मीटर ठणठणीत आहेत, सिस्टर. म्हणून तर माणसांची चौकशी करायला आले. कार्यालयाचा तर्क असा, की चार घरं रिकामी आहेत आणि सवलत भलताच कोणी लाटतोय. तसं ठरलं तर तुम्हा चौघांची सवलत बंद.

परिचारिका : रिकामी? मग मी कोण, भूत?

तपासनीस : भुतं वीज वापरत नाहीत. तुम्हीही वापरत नाही. कार्यालयाला फरक कळावा कसा?

परिचारिका : जीभ चांगली धारदार आहे हो तुमची!

तपासनीस : तुमच्या खोलीतल्या भिंतीला हात लावून पाहिला. गारठलेली आहे. दिवसभर असता कुठे?

परिचारिका : वरच्या भट्टीवाल्यांकडे. आम्ही चौघंही.

तपासनीस : म्हणजे पळणारा मीटर त्यांचा. स्वतःची वीज वाचवायची आणि दुसऱ्याच्या जिवावर शेकायचं?

परिचारिका : हळू बोला. त्यांनाही तसंच वाटतं. वाटू दे.

भट्टीवाले : (वरून, दारातून) सिस्टर, चहा निवतोय! आणि या कोण, सरकारी बाई? वर या, बाई. गारठ्यात काय उभ्या राहिलात?

तपासनीस : आलेच. काका, हीटर दिवसभर चालू असतो?

भट्टीवाले : असणारच. काचकारखान्याच्या भट्टीसमोर जन्म गेला माझा, मला कसली थंडी? पण... जरा इकडे या, सिस्टरना ऐकू जायला नको. या चौघांच्या घरी नुसता गारठा. बोलायला संकोचतात बिचारे. म्हणून मी पत्त्यांचं निमित्त काढलं. आता दारी आलेला माणूस कुडकुडला, तर मी तोंड कुठं लपवू?

तपासनीस : आणि ते गेले, की?

भट्टीवाले : एकट्या जिवासाठी कशाला जाळायची सरकारची वीज? अडीअडचणीला राहू दे. चला, मी पत्ते पिसतो.

(ते आत जातात.)

तपासनीस : सिस्टर, आता तुमची बाजू सांगा.

परिचारिका : मागच्या हिवाळ्यात भट्टीवाल्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा ओठ निळे पडले होते. आणि हीटर कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेला! पुढे सवलत आली. खरं सांगते, नावं ठेवायला जागा नाही. अर्जासाठी खेटे नाहीत, थंडी पडायच्या आत आली. मला वाटलं, सुटलो. पण हे गृहस्थ बटण दाबतील तर शपथ. मी रागावले, डॉक्टरांकडून दटावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा सहज जाऊन बसले, तर यांनी लगबगीनं हीटर लावला.

तपासनीस : एवढ्यावरून निष्कर्ष काढलात?

परिचारिका : छे! निघाले आणि खिडकीतून पाहिलं. बंद. दुसऱ्या दिवशी शेजारणीला पाठवलं. चालू. ती निघाली, पुन्हा बंद. तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्यात. झोपायच्या वेळेपर्यंत कोणीतरी बसतंच. तापलेली खोली मग सकाळपर्यंत निभावते.

तपासनीस : प्रयोग चोख आहे. आमच्या कार्यालयात इतकी मेहनत कोणी घेत नाही.

परिचारिका : पण बाई, हे त्यांच्या कानावर गेलं तर उद्यापासून हीटर पुन्हा फडक्यात. आमची सवलत गेली तरी चालेल, पण त्यांना सांगू नका.

तपासनीस : अहवाल कार्यालयात जातो, शेजारी नाही. आणि खोटं मी लिहीत नाही. ऐका, असं लिहिते : ‘पाचही घरांत माणसं राहतात. सवलत चालू ठेवावी. पाचव्या घरातले गृहस्थ एकटे असताना हीटर लावत नाहीत. पाहुणे असले की लावतात. म्हणून शेजारचे चौघे रोज त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातात.’