वळणावर दहा मिनिटं थांबण्याबाबत

विषय : किनारी रस्त्याने सपत्नीक मोटारप्रवास करण्याबाबत.
संदर्भ : सौ.चे तोंडी निवेदन, सकाळचा पहिला चहा.

महोदय... हसू नका! जन्मभर रस्ते खात्यात कारकुनी केली की माणूस स्वप्नंसुद्धा विषय-संदर्भ टाकूनच बघतो. तर प्रकरण असं, की आमच्या गावातून शेजारच्या गावाला एक रस्ता जातो, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, लांबलांबचे लोक म्हणे तो बघायला येतात, आणि तुम्हाला सांगतो, रस्ता केवढा? पेल्यात ओतलेला चहा निवायच्या आत संपणारा! तेवढ्यावरून एकदा जाऊन यायचं, तर आमच्या घरात जी रणधुमाळी माजलीय... याहून कमी तयारीनं सैन्यं हललीत!

तुम्ही विचाराल, इतकी वर्षं काय झोपला होतात? अहो, सौ.चं माहेरच त्या गावात. जाणं-येणं नेहमीचं. पण बसनं! आणि बस जाते डोंगरामागून. खिडकीतून दिसते ती डोंगराची पाठ. पलीकडे समुद्र आहे हे ड्रायव्हरला ठाऊक, कंडक्टरला ठाऊक, आम्हाला नुसती ऐकीव माहिती. आता निवृत्त झालो, एक जुनी गाडी घेतली, आणि एका सकाळी सौ. म्हणाली, "एकदा त्या रस्त्यानं जाऊ या. आपण दोघंच. तुमच्या शेजारी बसून, मागून कुणी न बोलता, मला समुद्र बघायचाय."

आता या बाईनं आजवर माझ्याकडे मागितलं काय? तर मिक्सर दुरुस्त करून आणा, आणि वरच्या फळीवरचा डबा काढून द्या. म्हटलं, मंजूर! जायचं म्हणजे जायचं!

लगेच जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. सौ. हातात उलथनं घेऊन आली.

"समुद्र कुठल्या बाजूला?"

"जाताना डावीकडे."

"म्हणजे माझ्याकडे. आणि येताना?"

"उजवीकडे. माझ्याकडे."

"मग येताना तुम्ही बघणार?"

"मी कसा बघीन? मी रस्ता बघणार. नाहीतर समुद्र फारच जवळून दिसेल."

"म्हणजे जाताना मी समुद्र, तुम्ही रस्ता. येताना तुम्ही रस्ता, मी डोंगर. मग येतानाचा समुद्र कोण बघणार?"

कुणीच नाही! अख्खा समुद्र वाया! म्हटलं, येताना तू माझ्या मागच्या सीटवर बस. तर म्हणते, "म्हणजे तुम्ही ड्रायव्हर आणि मी मालकीण? ते घरी आहेच की! दोघांनी बघायचा म्हटलंय मी. एकीनं बघून दुसऱ्याला सांगायचा असता तर शेजारणीबरोबर गेले असते."

बिनतोड! आणि रस्ता केवढा? चहा निवायच्या आत संपणारा!

एवढ्यात ही बातमी मेहुण्याच्या कानावर गेली. आमचा मेहुणा म्हणजे... कुणाच्याही घरी पाहुणा आला की तोच दार उघडतो, असा माणूस. "अहो भावोजी, त्यात काय! मी चालवतो! तुम्ही दोघं मागे बसा, समुद्र बघा, नुसती मजा!" मला क्षणभर पटलंसुद्धा. मग म्हणाला, "फक्त आमच्या हिला गाडी लागते हां. म्हणजे ही पुढे बसेल. काच उघडी ठेवावी लागेल. आणि वारा समुद्राकडूनच यायला हवा, डोंगराकडचा हिला सोसत नाही." म्हणजे पुढची खिडकी गेली! आणि मागच्या खिडकीत आम्ही समुद्र बघायचा, तो पुढे बसलेल्या वहिनींना काही होत नाही ना हे बघत बघत! शिवाय मेहुण्याला गाडी चालवताना मागे वळून बोलायची सवय. बोलणार काय, तर मुतखडा. तो कसा होता, कुठे होता, कसा निघाला. आता सांगा, एका बाजूला खाली समुद्र, आणि ड्रायव्हरचं तोंड मागे!

सौ. म्हणाली, "त्याला नाही म्हणून सांगा."

"तुझा भाऊ, तू सांग."

"बहिणीनं सांगितलं की दुखावतो. भावोजींनी सांगितलं की नुसता रागावतो."

मी सांगितलं. रागावला. आता रोज फोन करून विचारतो, "मी रागावलोय, तुमच्या लक्षात आलं ना?"

पण मीही हट्टाला पेटलो होतो. जायचं म्हणजे जायचं! आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचलं. अरे, चालत्या गाडीतून बघायचाच कशाला? अर्ध्या वाटेवर एक ऐसपैस वळण आहे, कडेला दगडी कठडा आहे, फायलीत कितीदा वाचलंय! तिथे गाडी उभी करायची, इंजिन बंद, दहा मिनिटं. दोघं शेजारी, दोघांचे डोळे मोकळे, मागे कुणी नाही! तोंडाला फेस तसाच, स्वयंपाकघरात धावलो. सौ.ला एवढं पटलं की तिनं थर्मास घासायलाच घेतला.

आणि मला त्या वळणावरचा फलक आठवला.

"धोक्याचे वळण. येथे कोणत्याही कारणास्तव वाहन उभे करू नये. आदेशावरून."

मसुदा कुणाचा? अस्मादिकांचा! साहेब म्हणाले होते, 'वाहन उभे करू नये' एवढं पुरे. 'कोणत्याही कारणास्तव' ही माझी भर! साहेबांनी माझ्या सगळ्या नोकरीत दोनदा शाबासकी दिली, त्यातली ही एक.

सौ.नं थर्मास खाली ठेवला. "समुद्र बघणं हे कारणात येतं का?"

"त्यात सगळंच येतं. म्हणून तर घातलं!"

"छान लिहिलंत हो," ती म्हणाली. शाबासकी तिसरी.

रागावलेल्या मेहुण्याचा फोन आलाच, "थांबा की खुशाल! कोण बघतंय?" अरे, मी बघतोय ना! स्वतःच्या मसुद्याखाली गाडी उभी करू? उद्या कुणी हटकलं, 'काका, बोर्ड वाचता येत नाही का', तर काय सांगू? वाचता येत नाही, पण लिहिता येतो?

तेव्हा ठरवलं, रीतसर जायचं. वळणावर दहा मिनिटं थांबू द्यावं, असा अर्ज केला. आमच्याच कचेरीत, माझ्याच खुर्चीपुढे! त्या खुर्चीवर आता जी बसते तिला काम मीच शिकवलं. उठून उभी राहिली बिचारी, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. मग अर्ज वाचला.

"काका, प्रयोजन 'समुद्र बघणे' असं लिहिलंय."

"मग?"

"असं प्रयोजन आपल्याकडे नाही हो. दुरुस्ती आहे, मोजणी आहे, चित्रीकरण आहे. चित्रीकरण लिहू का?"

"खोटं लिहू?"

"मग साहेबांपुढेच ठेवावं लागेल."

"ठेव. साहेब कुठायत?"

"दौऱ्यावर. किनारी रस्त्याच्या पाहणीला. सहकुटुंब."

"वळणावर थांबतात का?"

"पाहणी म्हटल्यावर थांबावं लागतंच ना, काका!" आणि मला दारापर्यंत पोचवत म्हणाली, "तुम्ही निश्चिंत राहा. प्रकरण चालू आहे."

तुम्हाला सांगतो, 'प्रकरण चालू आहे' म्हणजे ते कुठे आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? टेबलाच्या डाव्या खणात. आणि तो खण अडकतो. माझ्या वेळेपासून अडकतो!

पण मी सोडतोय होय? दर सोमवारी स्मरणपत्र! आणि रविवारी सौ. थर्मास भरते, न जाणो उत्तर आलं तर तयारी असावी म्हणून. परवाच्या रविवारी चहा भरून झाला आणि म्हणाली, "केलाय तर पिऊ या. पण गाडीत."

बसलो. दारातच. ती डावीकडे, मी उजवीकडे, इंजिन बंद, समोर शेजाऱ्यांची भिंत. तिला त्यांनी नुकताच निळा रंग काढलाय, खालचा हातभर पट्टा पांढरा. मागे कुणी नव्हतं. दोन पेले झाले. सौ. त्या भिंतीकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली,

"भरती दिसतेय."

म्हटलं, "हो. जरा थांबू. इथे मनाई नाही."

आणि तुम्हाला सांगतो, थर्मास रिकामा झाला तरी चहा गरमच होता.

तर सद्यःस्थिती अशी : गाडी दारात उभी आहे. जायचं म्हणजे जायचं, हा निर्णय कायम आहे. मेहुणा रागावलेला आहे. अर्ज प्रलंबित आहे.