ताईच्या प्रोग्रामचे चारशे डाव

आता मला सांगा, जेवायच्या टेबलावर माणसानं जेवायचं नाही तर कुठं जेवायचं? पण नाही… तिथं कॉम्प्युटर मांडलाय, हात लावायचा नाही, कारण आत बुद्धिबळाचा सामना चाललाय. कोणाचा? माणसांचा नाही हो, प्रोग्रामांचा! एक माझ्या बायकोनं लिहिलेला, एक तिच्या धाकट्या भावानं, आणि त्यातला भारी कोणता हे ठरेपर्यंत मी ताट घेऊन ओट्यापाशी उभा.

मेहुणा मोठ्या कंपनीत दिवसभर हेच काम करतो. ही शाळेत गणित शिकवते, वह्या तपासून झाल्या की हे उद्योग. पण तुम्हाला सांगतो, सामना साधा नव्हता. लहानपणी सासऱ्यांनी बुद्धिबळ शिकवलं ते मुलाला. ही मागं उभी राहून बघायची आणि 'तुला काय कळतंय त्यातलं' हे ऐकून घ्यायची. तेच सासरे आता खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले… मुलाच्या बाजूनं.

पहिल्या दहांत हिचा प्रोग्राम सात डाव जिंकला. सात! मी आइसक्रीम आणायला निघालोसुद्धा, तर ही म्हणते, "थांबा हो, दहा डावांनी काही सिद्ध होत नाही." अगं, जिंकलीस ना, मग झालं की! तर मलाच समजावते, नुसत्या नशिबानंही एवढं होतं, निदान चारशे डाव हवेत, दोघांना सारखा वेळ, सुरुवातीच्या खेळ्या त्याच ठेवून प्रत्येकानं एकदा पांढरी मोहरी घ्यायची, एकदा काळी. मेहुणा हीच पळवाट शोधत होता, हिनं आपणहून दार उघडून दिलं. अशा बाईला काय म्हणावं?

आणि झालंच, मेहुण्याचा प्रोग्राम पुढं गेला. माझा जीव खालीवर. मी दातांचा डॉक्टर, दाढ भरता भरता घरी फोन करून विचारतोय, किती झालं? ही शांतपणे सांगते की शंभर डावांनीही काही सिद्ध होत नाही. मला तर घोडा अडीच घरं जातो यापलीकडं काही कळत नाही, पण जेवण मात्र जाईना.

दीडशेनंतर हिचा प्रोग्राम हळूहळू वर आला, आणि शेवटच्या दिवशी त्यानं चक्क वजीर देऊन टाकला. सासरे हसले, म्हणाले, गेला डाव. मग त्यांचं हसू ओसरत गेलं, ते पुढं वाकले, चष्मा पुसला… आणि समोरचा राजा कोपऱ्यात अडकला तो अडकलाच.

"हे याला कोणी शिकवलं?"

"मी, बाबा."

सासरे उठले, आपली खुर्ची हिच्यापुढं सरकवली. "बस. मला समजावून सांग."

चारशे संपले तेव्हा ही चाळीस डावांनी पुढं होती. मेहुणा म्हणाला, "ताई, तुझाच भारी," आणि खरं सांगतो, मनापासून म्हणाला. ही ओढणीनं उगाच कॉम्प्युटरचा पडदा पुसत बसली. माझी छाती मात्र अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

तेव्हापासून दवाखान्यात येईल त्याला मी हा सामना पहिल्या डावापासून सांगतो. आणि लोक ऐकतात हो… तोंडात यंत्र असताना बिचारे दुसरं काय करणार?