आबांच्या धमन्या

नाही, मला सांगा, आजारी कोण? आबा! मग दचकून दचकून अर्धी मी का व्हायचं? भांड्यावर भांडं वाजलं की आई ओठांवर बोट ठेवते, "शूऽऽ... आबांच्या धमन्या!" आबा ढिम्म, त्या शूऽऽनं मीच उडते!

तुम्हाला सांगते, आबांच्या छातीत कळ आली, डॉक्टर म्हणाले, "धमन्या जाड होतायत. त्रागा झाला, काळजी लागली की त्या आवळतात, आजार झपाट्यानं पुढं जातो. ह्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका." झालं! ज्या माणसानं आयुष्य मिठागराच्या बांधावर भांडण्यात काढलं, त्याला घरात भांडायला माणूस मिळेना! आबा म्हणतात, "भात कच्चा हाय." आई म्हणते, हो. आबा म्हणतात, "नाय, गिच्च झालाय." आई म्हणते, हो! आबांना घास जाईना, चेहरा काळवंडला, आणि घरात कौतुक, "बघा, कसे शांत झालेत!"

परवा तर कहर! मे संपत आलेला, उरणच्या बाजूनं ढग चढलेले, आणि आबा खाटेवरून म्हणतात, "अवंदा मिठाची रास शाकारायची नाय. ऱ्हाऊ दे उघडी." अहो, वर्षाचं मीठ! दोन सरी आल्या की सगळं खाडीत! आणि माझा सख्खा भाऊ, भगवानदादा, हातातला पेंढा खाली ठेवून म्हणतो काय, "बरं, आबा." का? आबांच्या धमन्या!

तेवढ्यात गडगडलं... मी अशी दचकले, की तोंडून निघूनच गेलं, "नाही! शाकारायची म्हणजे शाकारायची! तुम्ही रुसलात म्हणून मिठानं का विरघळायचं?"

आईचं बोट ओठांवर. मी भिंतीला चिकटलेली. आबा उठून बसले.

"कालेजात ह्याच शिकलीस काय गो?"

"हो, हेच!"

"गप!"

"नाही गप बसणार!"

आणि आबा चक्क हसले! "अगो, कवापासून बघतोय, कुनी नाय म्हनतंय का! मला वाटलं, डाक्टरनी माझं संपलं म्हनून सांगितलंय, तवाच सगळी हो हो करतात. त्या धास्तीनंच छाती आवळत व्हती!"

रास शाकारली. हे कळल्यावर डॉक्टरही ओशाळून म्हणाले, "लपवालपवी नको, घरात मोकळं बोला." आबांनी 'बोला' तेवढंच ऐकलं! आता चहाबरोबर भांडण, आणि तेही माझ्याशीच... आबांच्या धमन्या! काल मला बघायला उरणचे पाहुणे आले, अंगणातूनच आमचं ऐकून परत गेले. मी ओरडले, "आबा, स्थळ गेलं!"

"जाऊ दे गो. माझं औषध उरणला धाडून मी हितं काय घेऊ?"

बसलेय मग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.